सोबत दिसले म्हणून कारण ठरले का?

‘रोज शब्दकोडे सोडवा, स्मृतिभ्रंश टाळा.’ ‘एकटे राहणाऱ्या वृद्धांना नैराश्य ग्रासते.’ ‘कमी ऐकू येणाऱ्यांची स्मरणशक्ती लवकर ढासळते.’ वाचकहो, अशा आशयाचा मजकूर अधूनमधून आपल्या वाचनात येतच असेल. कधी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, तर कधी नातवाने मोबाईलवर पाठवलेल्या संदेशात. खाली ‘संशोधनातून सिद्ध’ अशी मोहोर उमटवलेली असते. तिच्यावर विसंबून आपण दिनक्रम बदलतो, पैसे खर्च करतो आणि कित्येकदा घरातल्या माणसांना किंवा स्वतःलाच दोष देत बसतो.

अशा मजकुरामागे पुष्कळदा खरोखरच एखादे संशोधन असते. गफलत होते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एवढेच संशोधकाने सांगितलेले असते. आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे ‘एकीमुळे दुसरी होते’ असे रूपांतर झालेले असते. शास्त्राच्या भाषेत पहिल्याला सहसंबंध म्हणतात आणि दुसऱ्याला कार्यकारणभाव. या दोहोंतील अंतर आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण त्याचीच साक्ष देते. आपल्या न्यायशास्त्रानेही घडा घडण्यापूर्वी हजर असलेल्या गोष्टींत माती आणि चाक यांना कारण मानले, पण माती वाहून आणणाऱ्या गाढवाला मात्र कारणांच्या यादीतून वगळले. गाढव हजर होते हे खरे; पण माती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने आली असती, तरी घडा झालाच असता.

आपल्या आरोग्याच्या बाबतीत गाढव कोणते आणि माती कोणती, हे ओळखणे महत्त्वाचे आहे. औषधांचा खर्च, घरातले निर्णय आणि मनावरचे ओझे, हे सारे त्यावर अवलंबून असते.

रंकाळ्याच्या काठचा प्रश्न

एक कल्पना करा. रंकाळ्याच्या काठी रोज पहाटे फिरायला येणारे शंभर ज्येष्ठ आणि घराबाहेर फारसे न पडणारे शंभर ज्येष्ठ यांची स्मरणशक्ती कोणी तपासली. फिरणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक चांगली आढळली. दुसऱ्या दिवशी मथळा येईल, ‘चालण्याने स्मरणशक्ती वाढते’. परंतु या एकाच निरीक्षणाचे तीन अर्थ संभवतात.

पहिला अर्थ सरळ आहे: चालण्यामुळे स्मरणशक्ती टिकली असेल. दुसरा अर्थ उलटा आहे: ज्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे, तेच रोज वेळेवर उठून, रस्ता न चुकता, ओळखीच्या मंडळींशी गप्पा मारत फिरायला येऊ शकतात. ज्यांना विसरायला होऊ लागले आहे, ते हळूहळू घरातच राहू लागतात. तिसऱ्या अर्थाप्रमाणे दोन्हींच्या मागे आणखी काही असेल. शिक्षण, घरची सुस्थिती, आटोक्यात असलेला रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे माणूस फिरायलाही येतो आणि त्याची स्मरणशक्तीही चांगली राहते.

दुसरा अर्थ अनेकांना तर्कटी वाटेल. पण त्याला आधार आहे. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ नावाचा एक प्रदीर्घ अभ्यास प्रसिद्ध आहे. १९८५ ते १९८८ या काळात ३५ ते ५५ वर्षे वयाच्या १०,३०८ जणांची त्यात नोंद झाली आणि पुढे अनेक दशके त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विश्लेषणात असे आढळले, की ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांची शारीरिक हालचाल निदानाच्या सुमारे नऊ वर्षे आधीपासून कमी होऊ लागली होती. म्हणजे उतारवयातील बैठेपणा हा काही जणांच्या बाबतीत आजाराचे कारण नसून त्याची पहिली चाहूल असू शकतो. याच समूहातील नैराश्याच्या लक्षणांविषयीही त्याच वर्षी असेच चित्र समोर आले. मध्यम वयातील नैराश्याचा पुढील स्मृतिभ्रंशाशी संबंध दिसला नाही. निदानाला एक दशक उरले असताना वाढलेल्या लक्षणांचा मात्र दिसला.

याचा अर्थ फिरणे सोडून द्यावे असा मुळीच नाही. एका अभ्यासाने कोणताही प्रश्न कायमचा निकालात निघत नाही, आणि व्यायामाचे इतर लाभ काटेकोर चाचण्यांत सिद्ध झालेले आहेत. तोल सांभाळण्याचे आणि पायांतली शक्ती वाढवण्याचे व्यायाम केल्याने वृद्धांचे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे २०१९ साली शंभराहून अधिक चाचण्या एकत्र तपासून दिसून आले. पडणे टळले, म्हणजे खुब्याचे हाड मोडणे आणि अंथरुणाला खिळणेही टळले. व्यायामाला एवढे कारण पुरेसे आहे.

मात्र उलट्या अर्थातून शुश्रूषा करणाऱ्यांनी एक मोलाची गोष्ट घ्यावी. वर्षानुवर्षे कट्ट्यावर जाणारे वडील अलीकडे ‘नको, कंटाळा येतो’ म्हणू लागले, भजनी मंडळात रमणाऱ्या सासूबाई घरातच बसू लागल्या, तर ‘बाहेर जात नाहीत म्हणून विसरतात’ असे म्हणून त्यांना टोचू नये. विसरायला होते, नीट ऐकू येत नाही, चारचौघांत फजिती होईल अशी भीती वाटते, म्हणूनही त्या बाहेर पडत नसतील. अशा वेळी डॉक्टरांकडून कान, डोळे, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व, मनःस्थिती आणि स्मरणशक्ती यांची तपासणी करून घ्यावी. यांतील काही कारणांवर चांगला उपाय होऊ शकतो.

गूळ आणि सांधे

तिसरा अर्थ, म्हणजे पडद्यामागचे कारण, कोल्हापूरकरांना समजावून सांगणे सोपे आहे. आपल्याकडे गुऱ्हाळे पेटतात ती थंडीच्या मोसमात. ‘गुडघे आखडले’ ही तक्रारही त्याच दिवसांत अधिक ऐकू येते. एखाद्या परक्या माणसाने बाजारातल्या गुळाची आवक आणि सांधेदुखीच्या तक्रारी वहीत शेजारी शेजारी मांडल्या, तर त्याला दोन्ही एकदम वाढताना दिसतील. त्यावरून गुळाने सांधे धरतात असे त्याने म्हटले, तर आपण हसू. थंडी हे दोन्हींमागचे समान कारण आहे, हे आपल्याला दिसते म्हणून आपण हसतो. मनाच्या आजारांच्या बाबतीत मात्र अशी ‘थंडी’ सहजी दिसत नाही.

एकटेपणाचेच उदाहरण घ्या. मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने देशभरातील ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी झाली. ‘लासी’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली आणि तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढील सुमारे ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची शक्यता दर्शवणारी लक्षणे तीत आढळली. एकट्या राहणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होते.

पण एकट्या राहणाऱ्या व्यक्ती कोण असतात? त्यांत विधवा स्त्रिया पुष्कळ. अनेकींच्या हाती स्वतःचे उत्पन्न नसते. आजारपणे असतात. जोडीदार गेल्याचे दुःख, पैशाची चणचण आणि दुखणी यांपैकी मनाला नेमके कशाने ग्रासले, हे एकाच वेळी घेतलेल्या नोंदीवरून ठरवता येत नाही. त्याच व्यक्तींची पुन्हा पुन्हा नोंद घेतली तरच आधी काय घडले आणि नंतर काय, हे कळू लागते. ‘लासी’ची आखणी त्यासाठीच दीर्घकालीन केलेली आहे.

हा भेद घरातल्या निर्णयापर्यंत पोहोचतो. ‘आई गावी एकटी राहते म्हणून खचली आहे’ असे ठरवून मुले तिला पुण्याच्या किंवा मुंबईच्या सदनिकेत नेतात. हेतू चांगलाच असतो. पण तिच्या खचण्याचे मूळ वैधव्यात, दुखणाऱ्या गुडघ्यांत किंवा हाती पैसा नसण्यात असेल, तर ते मूळ तिच्याबरोबर शहरातही येते. शेजारच्या मैत्रिणी, अंगणातली तुळस आणि देवळाचा रस्ता तेवढा मागे राहतो. स्थलांतर काहींना मानवतेही. म्हणून निर्णयापूर्वी ‘आई, तुला नेमका कशाचा त्रास होतो?’ हे तिलाच विचारावे. कोणतेही सर्वेक्षण या प्रश्नाचे उत्तर तिच्याहून चांगले देऊ शकणार नाही.

चिठ्ठ्या टाकून केलेली परीक्षा

मग खरे कारण ओळखायचे कसे? संशोधकांकडे त्यासाठी एक साधी पण प्रभावी युक्ती आहे. लोकांना आपल्या मर्जीने उपचार निवडू न देता जणू चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडायचे. एका गटाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला नाही. शिक्षण, सुबत्ता, स्वभाव, आजारपणे हे सारे दोन्ही गटांत जवळपास सारखेच वाटले जाते. पुढे फरक दिसला, तर त्याचे श्रेय उपचाराला देता येते. या पद्धतीला यादृच्छिक चाचणी म्हणतात.

तिची गरज का पडते, हे एका उदाहरणाने ध्यानात येईल. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत अल्झायमरचा आजार कमी आढळतो, असे विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक निरीक्षणांत दिसले होते. गोळ्यांनी स्मरणशक्ती टिकते, असा समज त्यामुळे पसरला. मग अमेरिकेत ६५ वर्षे व त्यापुढील ४,५३२ स्त्रियांची चाचणी झाली. निम्म्यांना दोन संप्रेरकांची संयुक्त गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २००३ साली निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा औषध घेणाऱ्यांत ४० आणि न घेणाऱ्यांत २१ स्त्रियांना स्मृतिभ्रंश झाल्याचे दिसले. धोका घटण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला होता! आधीच्या निरीक्षणांत गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि प्रकृतीची काळजी घेणाऱ्या होत्या, हे त्या फसगतीचे एक प्रमुख कारण मानले जाते. (हा निष्कर्ष ६५ वर्षांपुढील स्त्रियांपुरता आहे. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील, तर त्या परस्पर बंद करू नयेत.)

अशा चाचण्यांतून आशेचे निष्कर्षही हाती येतात, आणि त्यांतील एक आपल्या शेजारी, गोव्यात झालेला आहे. साठीपुढील १८१ व्यक्तींना त्यात निवडले होते. त्यांच्यात उदासीची सौम्य लक्षणे होती. पूर्ण नैराश्य नव्हते. चिठ्ठीपद्धतीने ९१ जणांचा एक आणि ९० जणांचा दुसरा गट पडला. पहिल्या गटाला प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी भेटून मदत केली. हे समुपदेशक डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नव्हते. अडचणी एकेक करून कशा सोडवाव्यात, झोप कशी सुधारावी, मधुमेहासारख्या दुखण्यांत स्वतःची काळजी कशी घ्यावी आणि सरकारी योजनांचा लाभ कसा मिळवावा, एवढाच त्या भेटींचा विषय. दुसऱ्या गटाची नेहमीची देखभाल चालू राहिली. वर्षभरात पहिल्या गटातील ४ जणांना, तर दुसऱ्यातील १३ जणांना तीव्र नैराश्य आले, म्हणजे ४.४ टक्के विरुद्ध १४.४ टक्के. गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. गट लहान होते, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही ही मदत चिठ्ठीने वाटलेली होती. म्हणून ‘ज्यांची मने खंबीर, तेच समुपदेशनाला गेले असतील’ अशी शंका येथे घेता येत नाही. आणि ही मदत महागडी नाही. झोपेची घडी बसवणे, निवृत्तिवेतनाचा अडलेला अर्ज भरून देणे, एक अडचण घेऊन ती सोडवण्याचा मार्ग बसून शोधणे, यांतले बरेच काही आपल्या घरातही करता येण्याजोगे आहे.

सगळ्याच परीक्षांचे उत्तर असे स्वच्छ येत नाही. श्रवणयंत्राने बुद्धीचा ऱ्हास मंदावतो का, याची अमेरिकेत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे चाचणी झाली. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार एकूण गटात फरक पडला नाही. मात्र वय आणि हृदयविकाराची जोखीम अधिक असलेल्या उपगटात ऱ्हास जवळपास निम्म्याने मंदावला. म्हणून श्रवणयंत्र घ्यावे ते आधी घरच्यांचे बोलणे ऐकू यावे यासाठी. स्मरणशक्तीचा लाभ झालाच, तर तो वरकड समजावा.

चाचणी नाही म्हणून तंबाखू निर्दोष?

येथे एक चतुर वाचक विचारील: तंबाखूची तरी अशी चाचणी कोठे झाली आहे? खरोखरच, कोणालाही चिठ्ठी टाकून वर्षानुवर्षे तंबाखू खायला किंवा विडी ओढायला लावता येत नाही. सिगारेट कंपन्यांनी दीर्घकाळ हाच बचाव केला. पण १९५० पासून रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्यासारख्या संशोधकांनी दुसऱ्या वाटेने पुरावा उभा केला. ओढण्याचे प्रमाण वाढले की कर्करोगाचे प्रमाण वाढते. सोडल्यावर धोका उतरतो. निरनिराळ्या देशांत तेच आढळते. आधी धूम्रपान, नंतर आजार हा क्रम ठरलेला असतो. आणि धुरातील द्रव्ये पेशींना इजा कशी करतात हेही कळते. इतक्या बाजूंनी एकच उत्तर आले, की संशयाला जागा उरत नाही. तेव्हा ‘सहसंबंध म्हणजे कारण नव्हे’ हे वाक्य तळहातावर तंबाखू मळताना ढाल म्हणून वापरू नये.

दोषाचे ओझे

या भेदाची सर्वांत जास्त गरज शुश्रूषा करणाऱ्यांना आहे. ‘वडील गेले आणि त्यानंतर आईचे विसरणे सुरू झाले’, असे अनेक घरांत ऐकू येते. क्रम खरा असेल. पण पुष्कळदा जोडीदार असेपर्यंत विसरण्यावर पांघरूण पडलेले असते. किल्ल्या तो शोधून देतो, हिशेब तो ठेवतो, नावे तो आठवून देतो. तो गेला, की आधीपासूनचे उणे एकदम उघडे पडते. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांत आपल्याकडील अनेक कुटुंबांना रातोरात घर सोडावे लागले. अशा वेळी एखादे आजोबा परक्या जागी गोंधळून गेले, तर ‘पुराने यांची बुद्धी नेली’ असे वाटते. ओळखीच्या घरात सवयीने चालणारे काम परक्या घरात अडते आणि झाकलेली उणीव दिसू लागते, हीही शक्यता असते. मात्र एक इशारा महत्त्वाचा: गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक वाढला असेल, तर जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा औषधांचा परिणाम ही कारणे असू शकतात. अशा वेळी लगेच डॉक्टरांकडे जावे.

‘मी परगावी नोकरीला गेलो म्हणूनच बाबांना हे झाले’, ‘मी त्या दिवशी रागावले म्हणूनच आई खचली’ असे म्हणणाऱ्या मुला-सुनांनी हे पुन्हा वाचावे. स्मृतिभ्रंशाला कारणीभूत होणारे मेंदूतील बदल लक्षणे दिसण्यापूर्वी अनेक वर्षे सुरू झालेले असतात. एका घटनेच्या माथी ते मारता येत नाहीत, आणि एका माणसाच्या तर नाहीतच.

घरी विचारण्याजोगे पाच प्रश्न

पुढच्या वेळी ‘संशोधनातून सिद्ध’ असा संदेश आला, तर तो पुढे पाठवण्यापूर्वी हे प्रश्न विचारून पाहा.

पहिला: आधी काय घडले आणि नंतर काय? शब्दकोड्यांचेच पाहा. २००३ साली न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांपुढील ४६९ जणांच्या अभ्यासात वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. पण आजाराची सुरुवात झालेली माणसे हे छंद आधीच सोडत असतील काय, हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. कोडे आवडत असेल तर जरूर सोडवावे. न आवडणाऱ्याला औषधासारखे पाजू नये.

दुसरा: दोन्हींच्या मागे तिसरे कारण असेल काय? वय, शिक्षण, पैसा आणि आधीची दुखणी ही चार नावे आधी तपासावीत.

तिसरा: गट कसे पडले? लोकांनी स्वतः निवड केली, की चिठ्ठी टाकली? स्मरणशक्तीच्या गोळ्या घेण्यापूर्वी हे अवश्य विचारावे. जिंको या वनस्पतीच्या अर्काची फार ख्याती होती. पण ७५ वर्षे व त्यापुढील ३,०६९ जणांच्या चाचणीत त्याने स्मृतिभ्रंश टळत नाही, असे २००८ साली दिसून आले.

चौथा: फरक किती माणसांचा आहे? ‘धोका दुप्पट’ म्हणजे हजारात एकाचे दोन, की शंभरात वीसाचे चाळीस, हे कळल्याशिवाय घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये.

पाचवा: आपोआपच बरे वाटले असते काय? दुखणे अगदी टिपेला पोहोचले, की आपण नवा उपाय धरतो. टिपेनंतर उतार यायचाच असतो. श्रेय मात्र त्या दिवशी घेतलेल्या काढ्याला मिळते.

या पाचव्या प्रश्नावर घरगुती उपाय म्हणजे एक साधी वही. झोप किती झाली, मन कसे होते, कोणते औषध कधी सुरू किंवा बंद केले, हे तारखेसह दोन ओळींत लिहीत जावे. नवा उपाय करण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडेही तीत असावेत. त्या नोंदींनी कारण सिद्ध होणार नाही. पण आधी काय आणि नंतर काय, हे स्मरणावर सोडावे लागणार नाही. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी, आणि रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा मनाच्या आजाराची चालू औषधे कोणत्याही मथळ्यावरून त्यांना विचारल्यावाचून बदलू नयेत.